नोकरीच्या मुलाखतीची तयारी : चाकणच्या गेटवर आणि आपल्या वर्गात



एरवी मी इथे भागाकार, वाचनाची तयारी, नाहीतर परिपाठ यांवर लिहिते. आजचा विषय जरा वेगळा आहे. प्राथमिकच्या बाईंचा नोकरीच्या मुलाखतीशी काय संबंध, असं कुणालाही वाटेल. मलाही वाटत होतं. खरं सांगायचं तर मी स्वतः मुलाखत दिलेलीच नाही. २०१० ची शिक्षणसेवकांची सीईटी झाली, गुणांची यादी लागली आणि मी शाळेत रुजू झाले. टेबलापलीकडे बसून कुणी मला "स्वतःबद्दल सांगा" म्हटलं नाही. केंद्र सरकारनं तर १ जानेवारी २०१६ पासून आपल्याकडच्या गट 'क', गट 'ड' आणि गट 'ब' मधल्या अराजपत्रित पदांच्या मुलाखती बंदच केल्या.

पण आपल्या शाळांतून बाहेर पडणारी बहुतेक मुलं त्या पदांकडे जात नाहीत. माझी शाळा खेड तालुक्यातली. चाकण एकेकाळी कांद्याच्या बाजारासाठी ओळखलं जायचं, आता गाड्यांच्या कारखान्यांसाठी. महाळुंगे, निघोजे, कुरुळी, खराबवाडी ही गावं आमच्या मुलांना कंपनीच्या बसचे थांबे म्हणून पाठ असतात. दहावी, मग आयटीआय किंवा डिप्लोमा, मग कंपनी, हा इथला ठरलेला रस्ता. आणि त्या रस्त्यावर पाच-सात मिनिटांची एक मुलाखत असते.

"नाव सांगितलं. झालं."

गेल्या वर्षी एका संध्याकाळी माझ्या एका माजी विद्यार्थ्याची आई घरी आली. मुलगा तिसरी-चौथीला माझ्याच वर्गात होता. फिटर ट्रेडची दोन वर्षं पूर्ण, मार्क चांगले, पण तीन कंपन्यांतून परत आलेला. "बाई, तो बोलतच नाही हो," ती म्हणाली. आणि मग जरा थांबून, "एक जण म्हणतोय वीस हजार द्या, आत लावून देतो. देऊ का?"

मी म्हटलं, ताई, आधी त्याला माझ्याकडे पाठवा, पैशाचं मग बघू.

दुसऱ्या दिवशी तो आला. दारातच उभा.

"काय विचारलं रे तुला?"

"स्वतःबद्दल सांग म्हणाले."

"मग तू काय सांगितलंस?"

"नाव."

"आणि?"

"झालं."

मला हसू आलं, आणि लगेच वाईटही वाटलं. कारण चौथीतलं त्याचं प्रगतिपत्रक मला आठवलं. वर्णनात्मक नोंदीत मीच लिहिलं होतं : 'शांत व आज्ञाधारक.' ती नोंद मी कौतुकानं केली होती. सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनात 'तोंडी काम' असा एक रकाना असतो. तो आपण कसा भरतो, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. पट मोठा, वेळ कमी, मग कविता म्हणून घेतली की झालं तोंडी काम. त्या मुलानं माझ्या वर्गात दोन वर्षांत सलग दोन मिनिटं स्वतःच्या मनानं काही सांगितल्याचं मला आठवत नाही. दहा वर्षं गप्प बसायला शिकवलेलं पोर एकदम साहेबासमोर कसं बोलणार?

पुढचे पंधरा दिवस तो रोज शाळा सुटल्यावर यायचा. आमचे हे एका कंपनीत क्वालिटीला आहेत आणि भरतीच्या वेळी त्यांनाही टेबलावर बसवतात. त्यामुळे पलीकडच्या बाजूनं काय दिसतं तेही कळलं. त्या पंधरा दिवसांतलं जे कामाचं वाटलं ते इथे लिहिते.

आधी नोकरी कोणती, ते विचारा

आपल्याकडे घरी सांगताना सगळ्यालाच 'कंपनीत लागला' म्हणतात. पण कंपनीत जायचे रस्ते वेगवेगळे आहेत. कुणी कायम कामगार म्हणून जातं, कुणी ट्रेनी म्हणून, कुणी ठेकेदाराच्या हजेरीवर, आणि आयटीआय झालेली बरीचशी मुलं अप्रेंटिस म्हणून. अप्रेंटिसला पगार नाही, विद्यावेतन मिळतं. ते किमान किती असावं हे सरकारनं ठरवलेलं आहे. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याप्रमाणे ३० किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला एकूण मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के अप्रेंटिस घ्यावेच लागतात. म्हणून या जागा दरवर्षी निघतात. मात्र मुदत संपल्यावर कायम करण्याची सक्ती कंपनीवर नसते. त्याची परीक्षा पास झाल्यावर राष्ट्रीय प्रमाणपत्र मिळतं, आणि पुढच्या मुलाखतीत ते उपयोगी पडतं.

हे पालकांनी समजून घेतलं पाहिजे, कारण मुलाखतीत मुलाला विचारतात, "कशासाठी आलास?" आणि मुलगा म्हणतो, "कामासाठी." अप्रेंटिसच्या जागेसाठी आलो आहे, एक वर्ष शिकायचं आहे, त्यानंतर परीक्षा आहे, एवढं जरी नीट सांगितलं तरी हा माहिती काढून आलाय हे समोरच्याला कळतं.

आणि त्या वीस हजारांचं. अप्रेंटिसची नोंदणी सरकारी पोर्टलवर होते, करारही तिथेच नोंदवला जातो आणि उमेदवाराला त्यासाठी पैसे पडत नाहीत. 'आत लावून देतो' म्हणणारा माणूस बहुतेक वेळा जी जागा फुकट मिळणार असते तीच विकत असतो, किंवा जागाच नसते. त्या ताईंना मी सरळ सांगितलं, द्यायचे नाहीत. त्यांनी ऐकलं, पण मनातून त्या घाबरलेल्या होत्या, कारण शेजारच्या मुलानं दिले होते आणि तो लागला होता. हा पेच खरा आहे. नुसतं 'पैसे देऊ नका' म्हणून तो सुटत नाही. मुलगा स्वतःच्या तोंडानं जागा मिळवू शकतो असं आईला दिसलं, तरच सुटतो.

जायचं कसं

हे किरकोळ वाटेल, पण किती तरी मुलं इथेच मार खातात. चाकण एमआयडीसीचे टप्पे आहेत, प्लॉट नंबर आहेत, आणि एकाच कंपनीचे दोन-तीन कारखानेही असतात. पत्ता 'फेज दोन' असेल तर तो वासुली-भांबोलीकडे निघतो आणि पोरगं महाळुंग्याच्या गेटवर उभं. म्हणून आदल्या दिवशी एकदा जाऊन गेट बघून यायचं. तळेगाव चौकातली गर्दी तुम्हाला माहीतच आहे. साडेनऊची वेळ असेल तर मोशीहून आठच्या आत निघालेलं बरं. गेटवर वहीत नोंद करावी लागते, मोबाइल जमा करतात किंवा कॅमेऱ्यावर स्टिकर लावतात, त्यात पंधरा-वीस मिनिटं जातात.

कपडे धुतलेले, इस्त्रीचे. नवे घ्यायची गरज नाही. चपलेऐवजी पूर्ण बंद बूट, कारण कधी कधी आत शॉपफ्लोअरवर नेतात आणि चप्पल घालून तिथे सोडत नाहीत. फाइलमध्ये मूळ कागद एका बाजूला, झेरॉक्सचे दोन संच दुसऱ्या बाजूला. आधार, दहावीचं प्रमाणपत्र आणि आयटीआयचं प्रमाणपत्र या तिन्हींवर नावाचं स्पेलिंग एकच आहे का, हे महिनाभर आधी बघा. शिक्षक मित्रांनो, हे आपलंही काम आहे. पहिलीत दाखल करताना आपण रजिस्टरला जे नाव लिहितो ते त्या मुलाला कंपनीच्या गेटपर्यंत पुरतं.

स्वतःबद्दल सांगायचं म्हणजे काय

क्लासवाले मुलांना एक इंग्रजी परिच्छेद पाठ करून देतात. 'मायसेल्फ अमुक अमुक, माय हॉबी इज प्लेइंग क्रिकेट.' हे म्हणतात, "तो सुरू झाला की आम्ही मान खाली घालून अर्ज वाचायला लागतो. दिवसात चाळीस वेळा तोच ऐकलेला असतो." मध्येच कुणी काही विचारलं की मुलाची गाडी रुळावरून घसरते आणि तो परत पहिल्यापासून सुरू करतो.

आम्ही पाठांतर सोडलं. त्याला म्हटलं, तू आयटीआयमध्ये स्वतःच्या हातानं केलेलं एक काम सांग. तो म्हणाला, मेल-फिमेल जॉब केला होता. म्हणजे काय, ते मला कळेना. त्यानं मग वही ओढली आणि चित्र काढलं. लोखंडाचे दोन तुकडे कानशीनं घासून असे करायचे की एक दुसऱ्यात नेमका बसला पाहिजे. "पहिल्यांदा माझा बसला, पण उजेडाकडे धरला तर फटीतून प्रकाश दिसत होता. सर म्हणाले परत कर. दुसऱ्यांदा मी घाई नाही केली, दर दोन-चार हातांनी काटकोन्या लावून बघितलं."

तो बोलत होता आणि मी थक्क होऊन ऐकत होते. हाच मुलगा 'नाव सांगितलं, झालं' म्हणणारा! त्याला मी म्हटलं, हेच सांगायचं. आम्ही ते साधारण असं बसवलं :

"सर, माझं नाव अमुक. मी चाकणजवळ राहतो. आयटीआयमध्ये फिटर ट्रेड पूर्ण केलाय. फाइलिंग, ड्रिलिंग, टॅपिंग मला येतं, लेथवर मी थोडंच काम केलंय. मेल-फिमेल जॉब माझा पहिल्यांदा बिघडला होता, तो मी परत केला आणि त्यातून मोजत मोजत काम करायला शिकलो. घरी आई आहे, ती भाजीचा गाडा लावते. मला अप्रेंटिस म्हणून शिकायचं आहे."

पाऊण मिनिट पुरतं. 'लेथवर थोडंच काम केलंय' हे वाक्य काढून टाकावं असं त्याला वाटत होतं. ह्यांनी ते ठेवायला लावलं. जे येत नाही ते आधीच सांगणाऱ्या मुलाच्या 'येतं' या शब्दावर विश्वास बसतो, असं त्यांचं म्हणणं.

भाषेची भीती घेऊ नका. हिंदीत विचारलं तर जमेल तशा हिंदीत, नाहीतर "सर, मराठीत सांगू का?" असं विचारायचं. इंग्रजीत मोडकं बोलण्यापेक्षा ते कितीतरी बरं. मात्र हत्यारांची, मापांची इंग्रजी नावं बिनचूक यायला हवीत.

२५ अधिक-उणे ०.०५

आता जे मला स्वतःला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते. फिटरला, टर्नरला, मशिनिस्टला हमखास विचारतात : व्हर्निअरचं लघुतम माप किती? नेहमीच्या मेट्रिक व्हर्निअरचं ०.०२ मिलिमीटर, मायक्रोमीटरचं ०.०१. एम-१० च्या दीड पिचच्या आट्यासाठी आधी किती एमएमचं भोक पाडशील? १० मधून १.५ वजा, साडेआठ. हे सगळं पुस्तकात असतं आणि बहुतेक मुलांना येतं. पुढचा प्रश्न मात्र पुस्तकात नसतो.

"ड्रॉइंगवर शाफ्टचा व्यास २५ अधिक-उणे ०.०५ आहे. तुझ्या मशिनवर २४.९२ आला. काय करशील?"

आमच्या मुलानं पहिल्या दिवशी उत्तर दिलं, "चालेल सर, थोडाच फरक आहे." म्हणजे तीन कंपन्यांतून तो का परत आला त्याचं हेही एक कारण असावं.

बघा, २५ अधिक-उणे ०.०५ म्हणजे २४.९५ ते २५.०५. त्याच्या आत आलं तरच माल चांगला. २४.९२ हा ०.०३ नं खाली गेला. शाफ्ट बारीक झाला की त्यावर परत धातू चढवता येत नाही, तो रिजेक्ट. भोक लहान पडलं असतं तर ते वाढवता आलं असतं. इतका विचार झाला की मग खरं उत्तर येतं : तो नग बाजूला लाल ट्रेमध्ये ठेवीन, मशिन थांबवीन, सुपरवायझरला सांगीन, आणि आधीचे नगही मोजून बघीन, कारण बिघाड याच नगापासून सुरू झाला असेल असं नाही.

या प्रश्नात गणित पाचवीचं आहे. २४.९२ आणि २४.९५ यांत मोठं कोणतं, हे तर सोपं. पण ०.०५ मोठं की ०.२, हे पाचवीच्या वर्गात विचारून बघा. निम्मी मुलं ०.०५ म्हणतात, कारण पाच हा दोनापेक्षा मोठा. आपण फळ्यावर स्थानिक किंमत शिकवतो, मुलं उदाहरणं सोडवतात, आणि मोजपट्टी हातात घेऊन 'एक मिलिमीटरचे दहा भाग केले तर' असा विचार कधी करतच नाहीत. मी आता दशांश अपूर्णांक शिकवताना कागदाची जाडी मोजून घेते. शंभर कागदांचा गठ्ठा, त्याची जाडी मिलिमीटरमध्ये, भागिले शंभर. साध्या वहीच्या कागदाचं उत्तर ०.१ च्या आसपास येतं. मग सांगते, कंपनीतला साहेब या कागदाच्या निम्म्या जाडीवरून माल परत पाठवतो. वर्ग एकदम शांत होतो.

प्रश्नाचा दुसरा भाग गणिताच्या पलीकडचा आहे. चूक दिसली तर सांगशील की लपवशील? इथे परत आपला वर्ग येतो. ज्या मुलानं चुकलेलं उत्तर खोडरबरानं पुसून शेजारच्याचं लिहिलं तर त्याला बरोबरची खूण मिळाली, तो लाल ट्रे कशाला वापरेल?

उत्तर येतच नसेल तर? "सर, हे मला माहीत नाही." एवढं स्पष्ट म्हणायचं. वर छताकडे बघत अर्धा मिनिट काढायचं नाही आणि ठोकूनही द्यायचं नाही. थोडंसं आठवत असेल तर "नक्की आठवत नाही, पण मला असं वाटतं" म्हणून सांगायचं.

घरचे प्रश्न

शिफ्ट चालेल का, रात्रपाळी जमेल का, किती दिवस टिकशील, हे प्रश्न येतातच. इथे मुलगा काही बोलण्याआधी घरात बोलणं झालेलं असावं. विशेषतः मुलींच्या बाबतीत. टाटा मोटर्सच्या पुण्यातल्या कारखान्यात हॅरिअर आणि सफारी गाड्यांची जुळणी करणारी अख्खी लाइन मुली आणि महिला चालवतात, त्यामुळे 'मुलींना कंपनीत काय जमणार' हा मुद्दा आता राहिलेला नाही. प्रश्न उरतो तो बस कुठून, सुटते किती वाजता, याचा. तो मुलीनं मुलाखतीत बिनधास्त विचारावा. शेवटी "तुला काही विचारायचंय का?" असं म्हणतात तेव्हा "नाही सर" म्हणून उठू नये. बस, शिफ्ट, सुरक्षेचे बूट कोण देणार, प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र मिळणार का, हे विचारणं म्हणजे आगाऊपणा नाही.

पैशाचा आकडा सांगतात तेव्हा तो हातात येणारा की सीटीसी, हेही विचारावं. एक हिशोब करून बघू. एकूण पगार १६,००० आणि त्यातलं मूळ वेतन १३,००० धरा. भविष्यनिर्वाह निधीला १२ टक्क्यांनी १,५६० कापले जातात, ईएसआयला ०.७५ टक्क्यांनी १२०, मुलाचा व्यवसाय कर २००. हातात उरले १४,१२०. पण कंपनी आपले १,५६० आणि ईएसआयचे ३.२५ टक्क्यांनी ५२० त्यात मिळवून सीटीसी सांगते १८,०८०. घरी पोरगं सांगतं अठरा, बँकेत येतात चौदा, आणि बाप म्हणतो बाकीचे कुठे उडवलेस! अप्रेंटिसच्या विद्यावेतनातून भविष्यनिर्वाह निधी आणि ईएसआय कापत नाहीत, तेही लक्षात ठेवा. (सातवीच्या शिक्षकांनी शेकडेवारीला हे उदाहरण जरूर द्यावं.)

एक गोष्ट राहिलीच. निवड झाल्यावर वैद्यकीय तपासणी असते. रंगीत ठिपक्यांतला आकडा ओळखायला लावतात. इलेक्ट्रिशियनला तर वायरचे रंग ओळखता यायलाच हवेत. दोन वर्षं ट्रेड शिकून झाल्यावर रंगांधळेपणा कळला तर त्या मुलानं काय करायचं? ट्रेड निवडण्याआधीच डोळे तपासून घ्या.

वर्गात काय सुरू केलं

फार मोठा उपक्रम नाही. रोज परिपाठानंतर एक मूल उभं राहतं आणि स्वतः केलेलं एखादं काम सांगतं. गोष्ट नाही, कविता नाही, काम. बाकीच्यांनी दोन प्रश्न विचारायचे, त्यातला एक 'का'चा. आमच्या वर्गात बीड, नांदेडकडची मुलं आहेत, बिहारचीही आहेत. बिहारच्या एका मुलीनं अर्ध्या हिंदीत, अर्ध्या मराठीत चुलीवर भात कसा लावते ते सांगितलं. "झाकण का काढतेस?" "उतू जातो म्हणून." "का उतू जातो?" ती विचार करत राहिली, आणि म्हणाली, "पता नहीं बाई, उद्या बघून सांगते." नोंदवहीत तोंडी कामाच्या रकान्यात मी ते वाक्य जसंच्या तसं लिहिलं.

तो मुलगा चौथ्या मुलाखतीला गेला. शाफ्टचा प्रश्न आलाच नाही. कानशीचे प्रकार विचारले, त्यातला एक त्याला आठवला नाही, तसं त्यानं सांगितलं. मेल-फिमेल जॉबबद्दल मात्र साहेबांनी दोनदा विचारलं, म्हणे. अप्रेंटिस म्हणून घेतलं. एका वर्षासाठी. वर्ष संपलं की पुन्हा मुलाखत आहे आणि या वेळी जागा थोड्या आहेत. रोज काय काम केलं, काय बिघडलं, ते तो आता एका वहीत लिहितो. पहिली शिफ्ट असली की सुटल्यावर येताना वही घेऊन शाळेत येतो, आणि माझी मुलं त्याला 'का' विचारतात.